धनाजीचे पाच खाडे

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — एवढं लिहिलं आणि थांबले. कारण ते अर्धंच खरं आहे. अर्धी गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की ती मला पाठ झाली आहे. कॉलेजांच्या कार्यक्रमांत सांगितली, महिला मंडळांत सांगितली, समाजकार्यासाठी मिळालेला एक पुरस्कार घेतानाही तीच सांगितली. दोन-चार बायका पदर डोळ्यांना लावतात. मग टाळ्या होतात आणि मी खाली बसते.

मी खाली बसते तिथून उरलेली अर्धी सुरू होते. ती नवऱ्याला सांगितली नाही, बहिणीला सांगितली नाही, अंबाबाईसमोर हात जोडून उभी राहिले तेव्हाही मनातल्या मनात तेवढा भाग वगळूनच बोलले. देवीला काय कळणार नाही? पण सवयच लागली आहे तिथं थांबायची. तुम्हाला सांगते. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल.

आधी मी कोण ते सांगते. माझं माहेर मुरगूडचं. कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी कारकून म्हणून लागले तेव्हा एचआर हा शब्द इकडं कुणाला माहीत नव्हता. कामगार आम्हाला 'टाइम ऑफिस' म्हणायचे आणि मला 'टाइम ऑफिसातली बाई'. शॉपमध्ये, म्हणजे काम चालतं त्या शेडमध्ये, पाय ठेवला की माणसं हातातलं काम थांबवून बघायची. हळूहळू त्यांना माझी सवय झाली आणि मला धुळीची. आता मी त्याच कारखान्याची एचआर हेड आहे आणि येत्या काही महिन्यांत निवृत्त होईन. कामगार माझ्याबद्दल म्हणतात, मॅडम कामावर घेताना गोड बोलतात आणि काढताना त्याहून गोड. चेष्टेत म्हणतात. मीही हसते.

आणि दुसरी मी — रक्तदान शिबिरवाली. एका कामगाराच्या बायकोला बाळंतपणात रक्त लागलं आणि मी फोन करकरून चार माणसं गोळा केली, तिथून हे सुरू झालं. मग एक वही केली. कुणाचा कुठला रक्तगट, शेवटचं रक्त कधी दिलं, फोन नंबर. रात्री-अपरात्री दवाखान्यातून फोन येतो — मॅडम, ए निगेटिव्ह पाहिजे — आणि मी वही न उघडता नाव सांगते. वर्षातून एकदा कारखान्याच्या आवारात मोठं शिबिर. शिवाय डोळे तपासणीसारखी इतर शिबिरंही असतात. गावात मला नावानं कमी आणि 'रक्तवाल्या मॅडम' म्हणून जास्त ओळखतात. हे मला आवडतं. खूप आवडतं. लपवायचं कशाला?

मला वाटायचं, या दोन बायका वेगळ्या आहेत. एक खुर्चीत बसून याद्या करते, दुसरी माणसांत फिरते. पहिलीनं दिवसभर जे केलं ते दुसरी सुट्टीच्या दिवशी धुऊन काढते. वर्षानुवर्षं मी असंच मानून चालले. पण दोघींना कान एकच होते ना? दुसरीच्या कानावर पडलेलं पहिलीला कळायचं राहणार होतं थोडंच?

आता धनाजी. हे त्याचं खरं नाव नाही. नाव बदललं आहे, तेवढं तरी पाळते.

मलकापूरच्या पुढं डोंगराकडेला त्याचं गाव. तेव्हा तिशीला आलेला, नुकतं लग्न झालेलं. आमच्याकडं तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होता, कोअर शॉपमध्ये. कोअर म्हणजे वाळूचा साचा, जो ओतकामाच्या आत बसवतात. फार नाजूक असतो, धसमुसळ्या माणसाच्या हातात फुटतो. धनाजीच्या हातात फुटायचा नाही. त्याचा सुपरवायझर कुणाचं कौतुक करणाऱ्यातला नव्हता, पण याच्याबद्दल म्हणायचा, पोराच्या हाताला डोळं हायत.

त्या वर्षीच्या शिबिरात मला आदल्या वर्षीचा आकडा मोडायचा होता. दुपारपर्यंत सात-आठ बाटल्या कमी पडत होत्या. मी शॉपमध्ये गेले आणि दिसेल त्याला धरून आणायला लागले. धनाजी यायला तयार नव्हता. सुईची भीती वाटते म्हणाला. मी सगळ्यांसमोर त्याची खेचली — एवढा रांगडा गडी आणि सुईला घाबरतोस? माणसं हसली. तो लाजला, हात पुसत माझ्या मागून आला. खाटेवर झोपल्यावर त्याचे डोळे गच्च मिटलेले होते. मी शेजारी बसून त्याचा हात धरला. जन्मात पहिल्यांदा रक्त देत होता तो. का? तर मला आकडा मोडायचा होता.

आकडा मोडला.

पंधरा दिवसांनी तो माझ्या केबिनच्या दारात उभा. टोपी हातात.

"मॅडम, रक्तपेढीतनं फोन आलाता. एकदा यिऊन भेटा म्हणत्यात. काय झालं असंल वो?"

मला अंदाज आला. जमा झालेलं रक्त तपासतात आणि काही सापडलं तर त्या माणसाला एकट्याला बोलावतात. मी त्याला म्हटलं, घाबरू नकोस, मी येते बरोबर. माझ्या गाडीतून घेऊन गेले. तिथल्या समुपदेशक मुलीनं माझ्याकडं बघून विचारलं, या कोण? धनाजी म्हणाला, "आमच्या मॅडम हायत. त्यास्नी ऐकू दे की, मला काय कळतंय."

मी उठायला हवं होतं. रक्तदात्याची माहिती फक्त त्याची असते, हे मीच दर शिबिरात माइकवरून सांगते. उठले नाही. त्याला आधार द्यायचा होता — की मला जाणून घ्यायचं होतं? तेव्हा आधारच वाटला. आता सांगता येत नाही.

हिपॅटायटिस बी निघाला. काविळीचा एक प्रकार, रक्तात राहतो. ती मुलगी फार नीट बोलली. पुढच्या तपासण्या करा, दारू नको, बायकोची तपासणी करा, तिला लस द्या. काम करायला हरकत नाही. एकत्र जेवल्यानं, एका ग्लासातून प्यायल्यानं हा पसरत नाही — हे तिनं दोनदा सांगितलं. धनाजी मान हलवत होता, पण त्याला काही ऐकू जात नव्हतं हे दिसत होतं.

बाहेर आल्यावर समोरच्या गाड्यावर चहा घेतला. त्यानं निम्मा चहा प्याला आणि ग्लास बाजूला ठेवून गाडेवाल्याला म्हणाला, "ह्यो ग्लास येगळा ठेवा." मी तो ग्लास उचलला आणि त्यातला उरलेला चहा त्याच्यासमोर पिऊन टाकला. तिथं रस्त्यावर तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, तुझं हे माझ्यापाशी राहील. तू काळजी करू नकोस, मी बघते.

स्टेजवरची गोष्ट इथं संपते. इथं टाळ्या पडतात.

पुढची ऐका. मी घरी आले आणि बेसिनपुढं उभी राहून चुळा भरल्या. एक-दोन नव्हे. आधी साध्या पाण्यानं, मग मिठाच्या पाण्यानं, मग दोनदा दात घासले. पसरत नाही हे मला माहीत होतं. तरी घासले. आठवड्यानं सांगलीला जाऊन स्वतःचं रक्त तपासून घेतलं. कोल्हापुरात लॅब नाहीत का? गल्लीगणिक आहेत. पण कोल्हापुरात सगळे मला ओळखतात. रिपोर्ट चांगला आला. मला लाज वाटायला हवी होती — नाही वाटली. हलकं वाटलं. येताना बसस्टँडवर मी भडंगाचा पुडा घेतला आणि एसटीत खात खात आले.

पुढच्या दीड महिन्यात धनाजीला तपासण्यांसाठी जावं लागलं. दर वेळी तो दारात येऊन उभा राहायचा आणि दर वेळी मी म्हणायचे, जा, रजेचं काही मनात आणू नकोस, मी आहे ना. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला रजा कसली? तो आला नाही की हजेरीच्या मशीनवर त्याच्या नावापुढं गैरहजेरी पडते. आमच्याकडं त्याला खाडा म्हणतात. पण एचआर हेडनं जा म्हटल्यावर खाड्याला कोण भितो? माझा शब्द हीच त्याची रजा होती.

त्याच सुमारास कायम करायच्या लोकांची यादी माझ्या टेबलावर आली. कोअर शॉपमधून जी नावं होती त्यात धनाजीचं तिसरं. सुपरवायझरनं पुढं लिहिलं होतं, उत्तम कामगार. मला शेवटच्या रकान्यात फक्त शेरा लिहून यादी मालकांकडं पाठवायची होती. कायम होणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. लग्न झालेला माणूस, डोंगराकडेचं गाव. कायम झाला की कोल्हापुरात खोली, बायकोला शहरात आणणं, मूल, दवाखाना. सगळं त्या एका रकान्यात होतं.

मी दोन दिवस यादी तशीच ठेवली. का ठेवली? मनाला कारणं पुरवत होते. ग्रुप विम्याला त्रास होईल. परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे, काही विचारलं तर? कँटीनमध्ये कळलं तर माणसं त्याला जगू देतील का? उद्या मालकांना समजलं की मॅडमना ठाऊक होतं, तर? सगळी कारणं मी तपासली — तेव्हा नाही, नंतर, खूप वर्षं. एकही टिकत नाही. विम्याचा फॉर्म हे विचारत नव्हता. ऑडिट वाळूचं आणि धुराचं होतं. मालक तर नावंही न वाचता सही करायचे.

खरं कारण मी अजून सांगितलेलं नाही.

मला तो रोज दिसायला नको होता. शॉपमधून जाताना तो माझ्याकडं बघून थोडंसं हसायचा. एखाद्यानं आपली किमती वस्तू तुमच्याकडं ठेवायला दिली असेल तर तो ज्या भरवशानं तुमच्याकडं बघतो ना, तसं. मला त्या बघण्याचं ओझं व्हायला लागलं होतं. आणि अजून एक. एकदा तो केबिनमध्ये फॉर्मवर सही करून गेला आणि त्यानं टेबलावर ठेवलेलं माझंच पेन मी कागदाच्या तुकड्यानं उचलून डब्यात टाकलं. दार उघडं होतं. कुणी पाहिलं नाही. मला किळस आली होती हो. जिनं रस्त्यावर त्याचा उष्टा चहा प्याला, तिला त्याच्या हातचं पेन नको झालं होतं. आपण खरोखर कशा आहोत हे तो समोर आला की मला दिसायचं, म्हणून तो समोर नको होता. एवढंच.

मी संगणकातून हजेरी काढली. दीड महिन्यात पाच खाडे. शेरा लिहिला — हजेरी अनियमित, कायम करण्यास योग्य नाही. यादीत लिहिला आणि त्याच्या फाईलवरही, खाली सही केली, शिक्का मारला.

बघा, खोटं काहीच नव्हतं त्यात. खाडे होतेच. एक अक्षर खोटं न लिहिता केवढं खोटं बोलता येतं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. सुपरवायझर एकदा वर येऊन गेला. नियम सगळ्यांना सारखा, मी म्हटलं. तो खाली गेला. माझं नाव इतकं चांगलं होतं की मॅडम वाईट वागतील असं कुणाच्या मनातही आलं नसतं. चांगल्या नावाचा हा उपयोग मला त्या दिवशी कळला.

कॉन्ट्रॅक्टवाल्या मुलांना सात महिन्यांनी ब्रेक देतात, म्हणजे काही दिवस घरी बसवतात, आणि परत घेतात. कायमच्या यादीतून नाव उडाल्यावर कॉन्ट्रॅक्टरनं धनाजीला ब्रेकनंतर बोलावलंच नाही. तो मला भेटायला आला. मला वाटलं, आता विचारणार. मी उत्तरं तयार करून बसले होते. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, माझंच चुकलं. खाडं लई झालं. तुम्ही एवढं केलासा आन मी तुमचं नाव घालिवलं."

माझं नाव. त्याला वाटलं, त्यानं माझं नाव घालवलं. माझी सगळी उत्तरं तशीच राहिली. मी त्याला काय म्हणाले असेन? प्रकृतीला जप म्हणाले.

इथं थांबलं असतं तरी एक वेळ — पण थांबलं नाही. तो दुसऱ्या कारखान्यांत अर्ज करायला लागला. आमच्या एमआयडीसीत एक रीत आहे. कुणाला घ्यायचं असेल तर तिथला एचआर आधीच्या एचआरला फोन करतो, कसा आहे माणूस? चांगला असेल तर आपण म्हणतो, डोळे मिटून घ्या. वाईट असेल तर वाईट म्हणायचं नाही, कारण पुढं-मागं वांधा नको. तेव्हा म्हणायचं, बघा तुम्ही. दोनच शब्द. ऐकणाऱ्याला बरोब्बर कळतं आणि सांगणाऱ्यानं काही सांगितलेलं नसतं. धनाजीसाठी मला तीन फोन आले. डोळे मिटून घ्या म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग तुम्ही का सोडलं? त्या एका प्रश्नाला मी भ्याले. तिन्ही वेळा मी म्हणाले, बघा तुम्ही. तिघांनीही बघितलं नाही.

याला आठ वर्षं झाली. धनाजी गावी परत गेला. दूध संकलन केंद्रावर कॅन उचलतो, उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवर जातो. तब्येत ठीक आहे, तपासण्या वेळेवर करतो. बायकोला लस मिळाली, ती निरोगी आहे. एक मुलगी आहे, तीही. हे मला कसं माहीत? तोच सांगतो. कारण तो दर वर्षी शिबिराला येतो.

हो. येतो. त्याला रक्त देता येत नाही, म्हणून राबायला येतो. पहाटेची एसटी पकडून मलकापूरहून येतो, खाटा लावतो, बिस्किटं वाटतो. आणि पहिल्यांदा रक्त देणारं कुणी घाबरलेलं दिसलं की त्याच्या शेजारी बसून हात धरतो. त्याला म्हणतो, "डोळं मिटू नगंस, माझ्याकडं बघ. मला आमच्या मॅडमनी असाच धरलाता." मी तिथून जात असते तेव्हा हे माझ्या कानावर पडतं. दर वर्षी पडतं. शिबिराच्या शेवटी मला बोलायला लावतात आणि लोक तीच चहाची गोष्ट मागतात. मी सांगते. नाव घेत नाही. तो मागं खुर्च्या रचत उभा असतो, ग्लासापाशी आले की मान खाली घालतो. लाजेनं नाही. त्याला भरून येतं. आणि मी बोलत राहते — आवाज न कापता, कुठं थांबायचं, कुठं आवंढा गिळायचा, सगळं जागच्या जागी. तुम्ही म्हणाल, बोलणं सोडून का नाही दिलंस? मीही हे स्वतःला विचारते. टाळ्या सुटत नाहीत. आणि सोडलं तर लोक विचारतील, का सोडलं.

माझ्यामागं काय लागलं आहे, हे शब्दांत सांगायचं तर — तो माझ्यावर कधी रागावलाच नाही, ते. रागावला असता तर मी त्याच्याशी भांडून मोकळी झाले असते. हजेरीचा कागद हातात घेतला की अजून माझी नजर आधी त्याच्या टोकन नंबरवर, हजेरीच्या क्रमांकावर, जाते. तो नंबर आता दुसऱ्याच मुलाला दिलेला आहे. त्या मुलाचा खाडा पडला की मी लगेच सुपरवायझरला फोन करून विचारते. तो बिचारा यात्रेला गेलेला असतो.

आता गेल्या आठवड्याचं सांगते. माझ्या जागी पूजा येते आहे. हुशार मुलगी आहे, माझ्याच हाताखाली तयार झालेली, मला फार मानते. कोअर शॉपमध्ये भरती निघाली आणि धनाजीनं अर्ज केला. मला फोन न करता केला. मॅडम रिटायर व्हायला लागल्या, त्यांना कशाला भीड घालायची, असं वाटलं असेल त्याला. पूजा जुनी फाईल घेऊन माझ्याकडं आली.

"मॅडम, हे आपल्या शिबिरातले धनाजीच ना? यांच्या फाईलवर असा शेरा कसा?"

फाईलवर माझं अक्षर. खाली माझी सही.

मला काय बोलायचं होतं? एवढंच — तो शेरा चुकीचा आहे, मी लिहिला होता, घे त्याला. त्याचा आजार सांगायची गरजच नव्हती. पण त्या क्षणी मला एकदम त्याला दिलेलं वचन आठवलं! त्याचं गुपित आहे, मी कसं बोलू, असं वाटून मी स्वतःला मोठी इमानदार मानून घेतलं. आठ वर्षांत त्या वचनाची मला पहिल्यांदाच एवढी किंमत वाटली, आणि तीही माझ्या सोयीसाठी. मी पूजाला म्हटलं, फाईल काय सांगते ते बघ. तू आता हेड होणार, माझ्या ओळखीच्या माणसासाठी नियम वाकवायचे नाहीत.

तिनं माझ्याकडं केवढ्या आदरानं बघितलं, काय सांगू. मॅडमनी स्वतःच्या माणसालाही सूट दिली नाही, हे तिनं खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं. अर्ज बाजूला पडला.

दोन दिवसांनी धनाजीचा फोन आला. मी उचलणार नव्हते. उचलला.

"मॅडम, न्हाय झालं. पूजा मॅडमनी सांगितलं. तुम्ही मनाला लावून घिऊ नका. खाडं माझंच हुतं की, तुम्ही तरी काय करणार? शिबिराला येतोयच मी."

मी म्हणाले, ये. आणि फोन ठेवला. तेव्हाही सांगता आलं असतं. फोनवर तर तोंडही दिसत नाही. नाही सांगितलं.

म्हणून त्या पाच खाड्यांचा हिशोब इथं लिहिते. शेरा लिहिण्याआधी पाचही दिवस मला नीट ठाऊक होते. तो संगणकातला कागद मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पहिल्या दिवशी तो माझ्या गाडीत होता, रक्तपेढीच्या रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी लिव्हरच्या तपासण्या आणि सोनोग्राफी. दवाखाना मी सांगितला होता, चिठ्ठीही मीच दिली होती. तिसऱ्या दिवशी बायकोला गावाहून आणून तिची तपासणी केली. चौथ्या दिवशी तिची पहिली लस. तारीख मीच ठरवून घेतली होती.

पाचव्या दिवशी तो ना आजारी होता, ना दवाखान्यात. त्या दिवशी गडहिंग्लजला आमचं डोळे तपासणीचं शिबिर होतं आणि मला माणसं कमी पडत होती. आदल्या संध्याकाळी मी कोअर शॉपमध्ये जाऊन धनाजीला म्हटलं, उद्या कामावर येऊ नकोस, माझ्याबरोबर चल. तो आला. दिवसभर त्यानं खेड्यांतून आलेल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून एसटीतून उतरवलं आणि परत बसवून दिलं. संध्याकाळी सगळे स्वयंसेवक उभे राहिलो आणि फोटो काढला. त्यात तो माझ्या शेजारी आहे.

तो दिवसही मी मोजला.